शोरूमच्या कागदावर नसलेले पन्नास हजार

मोटार घ्यायची ठरली की घरात दोनच आकडे फिरत राहतात: हप्ता किती बसेल आणि ॲव्हरेज किती देते. पहिला आकडा बँकेकडून येतो, दुसरा शेजाऱ्याकडून. मग कुणीतरी फोनवर बेरीज करतं, ती पगारातून वजा करतं आणि ‘जमतंय की’ म्हणून दसऱ्याचा मुहूर्त धरला जातो. या बेरजेत जे राहून जातं ते फार गूढ नसतं. मोटारीचा खर्च दरमहा सारखा येत नाही, गठ्ठ्याने येतो, एवढंच. विम्याचा गठ्ठा वर्षातून एकदा, टायरचा चार-पाच वर्षांनी, बॅटरीचा कधीतरी मध्येच, नोंदणीच्या नूतनीकरणाचा पंधरा वर्षांनी. प्रत्येक वेळी आपण ‘अचानक खर्च निघाला’ म्हणतो. खरं तर यातल्या बहुतेक खर्चांची वेळ गाडी घरी आणली त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडता आली असती.

हिशेबासाठी एक गाडी समोर ठेवू. एक्स-शोरूम साडेसात लाखांची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी. मालक पुण्यात राहणारे, नवरा-बायको नोकरी करणारे. वर्षाला आठ हजार किलोमीटर: ऑफिसला अधूनमधून, रविवारी मंडई, सुट्टीत कोल्हापूर नाहीतर कोकण. या गाडीचे पुढचे सगळे आकडे ढोबळ आहेत. आपल्या गाडीचे आपण घालून पाहावेत.

शोरूममध्ये मिळणारं कोटेशन नीट वाचलं तर गोष्ट तिथेच सुरू होते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला किमतीच्या ११ टक्के एकरकमी रस्ता कर आहे, डिझेलला १३ टक्के. म्हणजे आपल्या गाडीवर ऐंशी हजारांच्या आसपास कर. त्याखाली विमा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षीचा विम्याचा आकडा फुगलेला दिसतो. हा विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. बाहेरून एक कोटेशन मागवून काउंटरवर ठेवलं की तोच आकडा पाच-दहा हजारांनी खाली येताना दिसतो. त्याखाली फास्टॅग, नोंदणी शुल्क आणि मग ज्यांच्यासाठी पेन हातात ठेवावं त्या ओळी: हँडलिंग चार्जेस, बेसिक किट, कोटिंग. ‘हे काय आहे?’ एवढंच विचारायचं. ज्या ओळीचं उत्तर द्यायला सेल्समनला मॅनेजरकडे जावं लागतं, ती ओळ बहुतेकदा कमी होते.

दहा लाखांवरची गाडी घेणाऱ्यांकडून शोरूम एक टक्का टीसीएस कापून घेतं. तो खर्च नव्हे, आपलाच भरलेला आयकर आहे. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. अकरा लाखांच्या गाडीवर ही रक्कम अकरा हजार होते आणि बरेच जण ती विसरतात.

तर साडेसात लाखांची गाडी दारात येईपर्यंत पावणेनऊ लाखांची होते. त्यातले सात लाख कर्ज, दर नऊ टक्के धरू. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १४,५०० रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ७२ हजार जातं. सात वर्षं केली तर हप्ता ११,२५० च्या आसपास उतरतो, ऐकायला गोड वाटतो. पण व्याज २ लाख ४६ हजारांवर जातं. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी गाडी दुरुस्ती मागू लागते तेव्हाही हप्ता चालूच असतो. माझं मत स्पष्ट आहे: पाच वर्षांच्या हप्त्यात न बसणारी गाडी आपल्याला परवडत नाही. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवून घेणं हे कामही लोक वर्षानुवर्षं टाळतात आणि गाडी विकायला काढली की धावपळ करतात.

आता ॲव्हरेज. जाहिरातीत दिसणारा आकडा बहुधा एआरएआयचा असतो. पुणेकर सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातात तिथेच या संस्थेचं आवार आहे. तिथे गाडी रस्त्यावर चालवून नव्हे, रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि एसी बंद ठेवून मोजली जाते. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. आपल्या पाकिटासाठी मात्र नाही, कारण त्या वेळापत्रकात चांदणी चौक नाही, सिग्नलला चालू ठेवलेला एसी नाही आणि शाळेपर्यंतचे दोन-दोन किलोमीटरचे थंड इंजिनाचे फेरेही नाहीत. कागदावर बावीस-चोवीस देणारी गाडी शहरात चौदा-पंधरा देते, यात गाडीचा काही दोष नसतो. लिटरला शंभरच्या वर गेलेलं पेट्रोल आणि चौदाचं ॲव्हरेज धरलं तर आठ हजार किलोमीटरला वर्षाचे साठ हजार, महिन्याचे पाच हजार.

हप्ता साडेचौदा हजार, पेट्रोल पाच हजार. साडेएकोणीस हजार. बहुतेक घरांचं बजेट इथेच संपतं.

आता गठ्ठे. पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंग ‘फ्री’ असतात, पण फ्री असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि बारीकसारीक सामान यांचं बिल होतंच. त्यानंतर जॉबकार्ड नावाचा कागद आयुष्यात येतो. सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीभोवती एक चक्कर मारतो, किलोमीटर पाहतो आणि लिहू लागतो: थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डिकार्बनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग. ‘सर, करून घ्या, चाळीस हजार झालेत.’ अंदाजपत्रक चौदा हजारांचं. हाताशी गाडीसोबत आलेलं पुस्तक असेल तर त्यातलं देखभालीचं पान उघडावं. चाळीस हजारांना काय बदलायचं हे कंपनीनेच तिथे छापलेलं असतं: ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंटची तपासणी, एखाद्या गाडीला स्पार्क प्लग. पुस्तकात जे आहे ते न कुरकुरता करावं. ब्रेक ऑइल तर हमखास, कारण ते हवेतली ओल शोषत राहतं आणि घाटात ब्रेक तापले की तीच ओल दगा देते. पुस्तकात नसलेल्या ओळींना ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणता येतं. असा निवडून केलेला खर्च धरला, तर पाच वर्षांची सरासरी वर्षाला नऊ हजारांच्या आसपास पडते.

टायरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पैसा आणि जीव एकाच ठिकाणी येतात. गाडीच्या चाकापाशी उकिडवं बसून टायरच्या बाजूला पाहिलं, तर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार अंक दिसतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर नुसतं धावून झिजत नाही, उन्हात उभं राहूनही म्हातारं होतं. कमी धावणारी गाडी असेल तर नक्षी शाबूत असते, म्हणून मालक निर्धास्त राहतात, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. असे टायर घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने तासन् तास जाणं म्हणजे संकटाला बोलावणं. तिथे हवा तापते, दाब वाढतो आणि काँक्रीटचा रस्ता काही दया करत नाही. म्हणून नक्षी उरलेली असो वा नसो, पाच-सहा वर्षांनी टायर बदलायचे. नवे घेतानाही दुकानात तेच चार अंक आधी वाचावेत. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावाने घ्यायचं कारण नाही. छोट्या गाडीचे चार टायर वीस हजारांच्या घरात जातात, बॅटरी पाच हजारांची. दोन्ही मिळून पाच वर्षांत पंचवीस, म्हणजे वर्षाला पाच हजार.

विम्याचा हप्ता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमी होतो, कारण गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, घसरत जाते: दुसऱ्या वर्षात २० टक्के घट, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. चौथ्या वर्षापासून थर्ड पार्टीचे पैसे पुन्हा भरावे लागतात. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला २०२२ पासून त्याचा दर ३,४१६ रुपये आहे आणि वर जीएसटी. सरासरी वर्षाला अकरा हजार धरू. पण विम्याचा खरा हिशेब क्लेमच्या वेळी कळतो. समजा, पार्किंगमध्ये खांबाला घासून बंपर गेला, बिल बारा हजार. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर थेट ५० टक्के घसारा कापतात. राहिले सहा. त्यातून छोट्या गाडीचे सक्तीचे एक हजार आपले. हातात पाच हजार येतात. आणि त्या बदल्यात नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २० टक्क्यांवरून सुरू होऊन २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर पोचतो. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता बारा हजार असेल आणि ३५ टक्क्यांच्या पायरीवर पोचणार असतानाच क्लेम केला, तर पुढच्या चार-पाच वर्षांत मिळून दहा हजारांच्या पुढे तोटा होतो. पाच हजार घेण्यासाठी दहा हजार देणं! म्हणून किरकोळ खरचटीसाठी वर्षाला पाच हजार बाजूला ठेवावेत आणि विमा मोठ्या अपघातासाठी राखावा. झिरो डेप घेतला असेल तर घसाऱ्याची कात्री टळते, बोनस मात्र तरीही जातोच. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे गाडी विकली तरी नव्या गाडीवर नेता येतो; पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर मात्र तो बुडतो.

पावसाळ्याची एक गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी फिरवून सुरू करायला गेलं की इंजिनात शिरलेलं पाणी पिस्टनला अडतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचा वेगळा ॲडऑन आहे. सखल भागात राहत असाल तर तो घ्या. डोंगरउतारावर राहत असाल तर वगळा आणि ते पैसे उंदरांच्या बंदोबस्ताला ठेवा. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. गुण येतो म्हणणारे भेटतात तसे कुरतडलेली वायर घेऊन वायरमनकडे आलेलेही भेटतात.

पार्किंगचा खर्च शहरात सगळ्यात जास्त लपलेला. बिल्डरने सोसायटीतली स्टिल्टची आणि मोकळी जागा विकायची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात २०१० मध्ये दिला. प्रत्यक्षात फ्लॅट घेताना काय घडतं हे वाचकांना सांगायला नको. एकदा दिलेले ते पैसे सोडा. सोसायटीचं वार्षिक शुल्क, दुसऱ्या गाडीचं दुप्पट-तिप्पट शुल्क आणि रोज सकाळी बादली-फडकं घेऊन येणाऱ्या गाडी पुसणाऱ्याचे महिन्याचे पाच-सहाशे मिळून वर्षाला बारा हजार सहज होतात.

टोल किती लागेल हे आपण कुठे जातो त्यावर ठरतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२३ च्या एप्रिलपासून मोटारीला एका बाजूचे ३२० रुपये, समृद्धीवर २०२५ च्या एप्रिलपासून किलोमीटरला २.०६ रुपये, म्हणजे नागपूरपासून आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरला जवळजवळ साडेचौदाशे. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांचा फास्टॅग वार्षिक पास सुरू झाला आहे, २०० फेऱ्यांचा किंवा एक वर्षाचा, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी हे राज्याचे रस्ते असल्याने तिथे चालत नाही. पास काढून मुंबईला निघालेल्यांची खालापूरला निराशा होते. मुंबईच्या वेशीवरचा छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, तेवढी रोजची कटकट गेली. टोल आणि पे अँड पार्क मिळून आठ हजार.

पीयूसी शंभर-सव्वाशे रुपयांचं काम आहे. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी आठवत नाही, आणि दंड मात्र दहा हजारांपर्यंत होऊ शकतो. फोनमध्ये आठवण लावून ठेवली की विषय संपला.

आता बेरीज. सर्व्हिसिंग नऊ, टायर-बॅटरी पाच, विमा अकरा, खरचटी-पंक्चर पाच, पार्किंग-धुलाई बारा, टोल आठ. पन्नास हजार. महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास, जे हप्ता अधिक पेट्रोल या हिशेबात कुठेच नव्हते. ते न मोजल्याने टळत नाहीत; क्रेडिट कार्डावर जातात, मुलांच्या फीच्या महिन्यात नेमके येतात आणि मग टायर ‘अजून सहा महिने चालतील’ असं वाटू लागतं.

याहून मोठा एक खर्च आहे, ज्याचं बिल कुणीच आणून देत नाही. पावणेनऊ लाखांची गाडी पाच वर्षांनी सव्वाचार लाखांना गेली, तर साडेचार लाख गेले, म्हणजे वर्षाला नव्वद हजार, पेट्रोलच्या दीडपट. डिसेंबरमध्ये सवलतीत घेतलेल्या गाडीचं थोडं कौतुक कमी करावं लागतं ते यासाठीच. आरसीवर उत्पादनाचा महिना-साल छापलेलं असतं आणि जुन्या गाडीचा व्यापारी सगळ्यात आधी तेच वाचतो. गाडी आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर डिसेंबरची सवलत खुशाल घ्या. तीन-चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर जानेवारीपर्यंत थांबा.

घसारा नव्वद, व्याज चौतीस, पेट्रोल साठ आणि हे पन्नास: वर्षाचे २ लाख ३४ हजार. आठ हजारांनी भागले की किलोमीटरला २९ रुपये. पुण्यात रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये या दराने चालतं. म्हणजे तेवढंच अंतर रिक्षाने काटलं तर एक लाख चाळीस हजारांत भागतं. रिक्षावाला येतो का, हा प्रश्न पुण्यात रास्त आहे. रात्री अकरा वाजता तापलेल्या पोराला घेऊन दवाखान्यात जायचं असेल, आजीचे गुडघे दुखत असतील, चार माणसं नि सामान घेऊन गावी जायचं असेल, तर २९ रुपये महाग नाहीत. मात्र ‘रोजचे रिक्षाचे पैसे वाचतील’ हे गाडी घेण्याचं कारण म्हणून सांगू नये. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा खर्च किलोमीटरला विसाच्या आसपास येतो. मग गोष्ट वेगळी. चार-पाच हजार धावणाऱ्या गाडीने घरात फक्त पार्किंगची जागा अडवलेली असते.

जुनी गाडी घेणाऱ्यांचा घसारा कमी, पण गठ्ठे जवळ आलेले. विकणारा ‘सगळं ओके’ म्हणतो तेव्हा चार गोष्टी स्वतः पाहाव्यात: टायरवरचे चार अंक, बॅटरीची पावती, विम्याची मुदत आणि आरसीची मुदत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० रुपये झालं, वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ पासून १०,०००. महाराष्ट्रात वर पर्यावरण करही आहे. तेराव्या वर्षाची गाडी स्वस्तात मिळते ती यामुळे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही बघा. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी इतकाच खर्च, पण रांग आपल्या वाट्याला नको.

विजेची गाडी घेतली तर पेट्रोल आणि ऑइलचे आकडे जवळजवळ पुसले जातात, राज्याने कर आणि काही टोलही माफ केले आहेत. टायर मात्र जड गाडीखाली लवकर झिजतात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायला वायरिंग, स्वतंत्र मीटर आणि कमिटीची परवानगी लागते. यातली परवानगी सगळ्यात महाग.

गाडी बुक करण्याआधी एक करून पाहा. पुढचे तीन महिने पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हप्त्याचे साडेचौदा हजार, पेट्रोलचे पाच आणि गठ्ठ्यांचे सव्वाचार, असे पावणेचोवीस हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. घर ओढाताण न होता चाललं, तर गाडी घ्या; जमलेले सत्तर हजार डाउन पेमेंटमध्ये घाला आणि गठ्ठ्यांची रक्कम आवर्ती ठेवीत पुढेही चालू ठेवा. दुसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर एक लाखाने स्वस्त गाडी बघा किंवा वर्षभर थांबा.